‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’: बेटावरची सत्ता राल्फच्या हातून कशी निसटली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम गोल्डिंगची ही कादंबरी सप्टेंबर १९५४ मध्ये लंडनच्या फेबर अँड फेबरने काढली. ‘माणसातलं जनावर’ या दोन शब्दांत तिचा निकाल लावायची आपल्याला सवय झाली आहे. त्याने फार काही कळत नाही. खाली जोर आहे तो राजकारणावर: कोण निवडून आलं, कोणी कोणाला काय दिलं, कोण कधी फुटलं. शेवटासकट सगळं कथानक इथे उघड केलं आहे. कादंबरी वाचायची बाकी असेल तर आधी ती वाचा.

कथानक थोडक्यात सांगाल का?

युद्ध चालू आहे. इंग्रज शाळकरी मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणारं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं आणि एकही मोठं माणूस वाचत नाही. उरतात सहाएक वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून बाराएक वर्षांपर्यंतची मुलं. ती राल्फला म्होरक्या निवडतात, शंख वाजवून सभा भरवायचं ठरवतात, आणि जहाजांना दिसावा म्हणून डोंगरावर धुराचा जाळ पेटवतात. चर्चच्या गायनवृंदाचा पुढारी जॅक शिकारी होतो, वेगळी टोळी काढतो. अबोल सायमन आणि राल्फचा हुशार साथीदार पिगी मारले जातात. शेवटी राल्फचीच शिकार सुरू असताना ब्रिटिश नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर उतरतो.

निवडणुकीत राल्फच का जिंकला?

ज्याच्या हाती ससा तो पारधी, म्हणून. शंख ओळखला पिगीने, तो वाजवायचा कसा हे त्यानेच सांगितलं, सगळ्यांना गोळा करायची कल्पनाही त्याचीच. वाजवला मात्र राल्फने. झाडीतून एकेक पोर बाहेर येत गेलं तेव्हा प्रत्येकाला दिसला तो शंख मांडीवर घेऊन शांत बसलेला, उंचापुरा, देखणा मुलगा. निवेदक तर स्पष्टच सांगतो की आतापर्यंत अक्कल दाखवली होती पिगीने आणि पुढारी शोभत होता जॅक, पण मुलांना का कोण जाणे शंखवाला हवा होता.

जॅकने आपला हक्क सांगितला तो असा: मी गायनवृंदाचा प्रमुख आहे, शाळेचा हेड बॉय आहे, आणि वरचा ‘सी शार्प’ हा सूर गाऊ शकतो. हे वाचून हसू येतं, पण पदासाठी उभी राहिलेली मोठी माणसं याहून फार वेगळं काय सांगतात? मतदान घ्यायची सूचना गायनवृंदातल्या रॉजरची, हेही ध्यानात ठेवा. पुढे याच रॉजरला मतदानाची काही गरज उरत नाही.

गायनवृंदाने जॅकसाठी मरगळलेले हात वर केले. बाकी सगळ्यांनी राल्फसाठी. पिगीने क्षणभर हात खालीच ठेवला आणि मग नाखुशीने वर केला. राल्फच्या राज्यातला सर्वांत निष्ठावंत माणूस त्याला मत द्यायला सर्वांत शेवटी तयार झाला.

जॅक तर हरला. मग त्याच्याकडे एवढं बळ आलं कुठून?

राल्फने दिलं. माझ्या मते सगळ्या कादंबरीतली निर्णायक चूक हीच, आणि ती पहिल्याच प्रकरणात होते.

निकाल लागल्यावर जॅकचा चेहरा अपमानाने लाल झाला. राल्फला ते बघवलं नाही. गायनवृंद तुझाच राहील, असं तो म्हणाला, आणि त्यांचं काय करायचं तेही जॅकलाच विचारलं. जॅक म्हणाला, शिकारी. म्हणजे हरलेल्या उमेदवाराला स्वतःची तयार फौज मिळाली. एका गणवेशातली, त्याच्या हुकमावर रांगेत चालायची सवय असलेली आणि आता हत्यारबंद. दुसऱ्या प्रकरणात यावर आणखी कडी होते. जाळ सांभाळायची जबाबदारीसुद्धा जॅकच आपल्या गायनवृंदासाठी उत्साहाने मागून घेतो आणि राल्फ खुशीने देतो. आता सुटकेचा एकमेव उपाय आणि हत्यारं दोन्ही एकाच माणसाकडे, आणि तो माणूस निवडणुकीत पडलेला. राल्फच्या हातात उरला शंख.

हा मनाचा मोठेपणा होता, यात शंका नाही. वर्गात मॉनिटर न झालेल्या मुलाला छडी सांभाळायला द्यावी, तसला मोठेपणा.

शंखाला एवढं महत्त्व का?

नियम एवढाच: ज्याच्या हातात शंख, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. मध्ये बोलण्याचा अधिकार फक्त राल्फला. सहा वर्षांच्या पोराच्या हातात शंख आला की मोठ्यांनाही त्याचं ऐकावं लागतं. हा अधिकार त्या वयाच्या मुलांना घरीही मिळत नसावा.

शंख फुटतो अकराव्या प्रकरणात, पण त्याचा धाक फार आधीपासून झिजत जातो, आणि तेही छोट्या छोट्या सवलतींनी. दुसऱ्याच प्रकरणात पिगी शंख हातात धरून बोलत असतो, तेव्हा डोंगरावर शंख चालत नाही, असं जॅक बजावतो. कोणी हरकत घेत नाही. कायदा किनाऱ्यावर लागू, डोंगरावर नाही, हे त्या क्षणी मान्य झालं. गंमत म्हणजे नियम हवेत, ते पाळले पाहिजेत, आपण काही रानटी नाही, आपण इंग्रज आहोत, हे भाषण करणारा जॅकच. तेही त्याच प्रकरणात. पाचव्यात तोच नियमांना शिवी घालतो. सहाव्यात तो सांगतो की आता शंखाची गरज नाही, कोणी बोलावं आणि कोणी बोलू नये हे आपल्याला ठाऊक झालं आहे. काही जणांनी गप्प बसावं आणि निर्णय आपल्यावर सोडावेत, असं त्याचं म्हणणं असतं.

राल्फ चांगला पुढारी होता का?

माणूस चांगला होता. पुढारी म्हणून अर्धामुर्धा.

त्याच्या बाजूने आधी बोलू. काय महत्त्वाचं हे त्याला कळतं: जाळ आणि झोपड्या. तो स्वतः राबतो. तिसऱ्या प्रकरणात झोपडी बांधायला त्याच्याबरोबर एकटा सायमन उरलेला असतो, बाकीचे पोहायला, खायला, खेळायला पांगलेले. आणि त्याला स्वतःच्या मर्यादा कळतात, हे तर पुढाऱ्यांमध्ये दुर्मीळच. विचार कसा करायचा ते पिगीला जमतं, मला नाही, हे तो मनाशी कबूल करतो.

आता दुसरी बाजू. पाचव्या प्रकरणातली सभा नीट वाचा. जहाज निघून गेलेलं आहे, कारण जाळ सांभाळायचा सोडून शिकारी डुकरामागे गेले होते. राल्फ चिडलेला आहे आणि या वेळी सभा केवळ कामाची असेल असं ठरवून आला आहे. तो मुद्दे मांडतो: करवंट्यांमध्ये पाणी भरून ठेवायचं ठरलं होतं, कोणी ठेवत नाही, झोपड्या मोडकळीला आल्या, शौचाला ठरलेल्या खडकांवर कोणी जात नाही, जाळ विझता कामा नये. एकूण एक मुद्दा बिनतोड. पण सभा भरवली आहे सांजावताना, अंधार पडत असताना, आणि बेटावर कसलंसं श्वापद आहे या मुलांच्या भीतीचा विषय शेवटी तो स्वतःच काढतो, चर्चा करून ती निकालात काढू म्हणून. दिवेलागणीला घाबरलेल्या पोरांसमोर भुताचा विषय काढून तो मतदानाने मिटवायचा! सभा उधळते, जॅकच्या मागे पोरं अंधारात किंचाळत पळत सुटतात.

पिगी म्हणतो, शंख वाजव. राल्फ वाजवत नाही. मी वाजवला आणि ती आली नाहीत, तर सगळंच संपलं, असं त्याचं म्हणणं. मला कादंबरीतलं हे सर्वांत शहाणं वाक्य वाटतं आणि सर्वांत घातकही. केवळ मानण्यावर चालणारी सत्ता ताणून बघता येत नाही, हे त्याला कळलं आहे. पण ती वापरलीच नाही, तर ती आहे हे कोणाला कळणार?

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. राल्फच्या राज्यात शिरगणती कधी झालीच नाही. पिगीने पहिल्या दिवशी नावं विचारायला घेतली होती, ते काम अर्धवट राहिलं. त्याच सुमारास डोंगरावरचा पहिला जाळ भडकून रान पेटलं आणि चेहऱ्यावर जांभळा डाग असलेलं पोर नंतर कोणाला दिसलं नाही. ते मेलं का? किती होते, किती उरले? कोणीच सांगू शकत नाही. शेवटी नौदलाचा अधिकारी विचारतो, कोणी मेलं तर नाही ना? राल्फ सांगतो, दोघं. तुम्ही एकूण किती? राल्फ मान हलवतो. तिसऱ्याला तो विसरून गेलेला असतो.

पिगीचं कोणी ऐकत का नाही?

तो जाड आहे, त्याला दमा आहे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आहे. एवढं कारण बहुतेक जण देतात. याहून मोठं कारण वर्गाचं आहे. पिगीचं इंग्रजी अशुद्ध आहे, वडील नाहीत, मावशीने सांभाळलेला, आणि तिचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान. समोर नौदल कमांडरचा मुलगा राल्फ आणि गायनवृंदाची मोठ्या शाळेतली मुलं. १९५० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये तोंड उघडताच माणसाची पायरी ठरायची, आणि ती पायरी मुलांनी विमानातून जशीच्या तशी बेटावर आणली.

त्याच्या बदनामीची सुरुवात राल्फकडूनच होते. ‘पिगी’ हे चिडवायचं नाव कोणाला सांगू नकोस, अशी विनवणी त्याने केली होती. राल्फ भर सभेत ते सांगून टाकतो, सगळे पोट धरून हसतात आणि त्या हसण्याने अनोळखी मुलं एकदम एक होतात. एकाला बाहेर ठेवून बाकीच्यांची एकी करण्याची ही युक्ती जॅकने शोधलेली नाही. त्याचं खरं नाव काय, हे वाचकालाही शेवटपर्यंत कळत नाही.

फूट नेमकी कधी पडली?

आठव्या प्रकरणात. आणि ती ज्या तऱ्हेने पडते त्यासाठी गोल्डिंगला दाद द्यावी.

जॅक स्वतः शंख वाजवून सभा बोलावतो. राल्फवर आरोप करतो: भित्रा आहे, पिगीसारखं बोलतो, माझ्या शिकाऱ्यांना नावं ठेवतो. मग विचारतो, राल्फ म्होरक्या नको असं कोणाकोणाला वाटतं, हात वर करा. एकही हात वर होत नाही. तो पुन्हा विचारतो. पुन्हा शांतता. जॅकच्या डोळ्यांत पाणी येतं, आता मी तुमच्यात खेळणार नाही, असं म्हणून तो निघून जातो. किती पोरकट वाक्य! आणि सत्तांतर होतं ते याच वाक्याने.

कारण त्यानंतर काय होतं ते बघा. पिगीला हायसं वाटतं. जॅक गेला, आता जाळ किनाऱ्यावरच पेटवू, म्हणून तो उत्साहाने कामाला लागतो. लाकडं गोळा करता करता राल्फच्या लक्षात येतं की मोरिस, बिल आणि रॉजर दिसत नाहीत. कोणी भांडलं नाही, राजीनामा दिला नाही, घोषणा केली नाही. ज्या मुलांनी सगळ्यांसमोर हात वर केला नव्हता, तीच मुलं नजर चुकवून गेली. सभेत राल्फ जिंकला आणि संध्याकाळपर्यंत हरला.

म्हणून जॅकने बळाने सत्ता हिसकावली, हे उत्तर मला अपुरं वाटतं. बळ नंतर आलं. आधी आली ती मधल्या फळीतल्या मुलांची पळवाट. विरोधात उघड मत द्यायची लाज वाटणारी आणि तरीही निघून जाणारी ही मुलं म्हणजेच बेटावरचं बहुमत.

मुलांना जॅककडे काय मिळालं?

मांस, सर्वांत आधी. फळं खाऊन पोटं बिघडलेल्या मुलांना भाजलेल्या डुकराचा वास पुरेसा होता. मांस वाटणं हेही त्याच्याकडे हत्यारच आहे. चौथ्या प्रकरणात तो पिगीला वाटा नाकारतो, सायमन आपला तुकडा पिगीकडे सरकवतो, तेव्हा जॅक संतापून सायमनपुढे मांस फेकतो आणि ओरडतो की हे मी आणलंय. देणारा मी, हे प्रत्येक घासाला आठवायला हवं, असा त्याचा हट्ट. नवव्या प्रकरणातल्या मेजवानीत तो रंग फासून, माळा घालून ओंडक्यावर मूर्तीसारखा बसलेला असतो आणि थेट विचारतो: खायला मी दिलं, श्वापदापासून माझे शिकारी वाचवतील, माझ्या टोळीत कोण येतं? राल्फचं उत्तर असतं, तुम्ही मला निवडलंत म्हणून मी म्होरक्या आहे. एकाच्या हातात भाजलेली तंगडी आणि दुसऱ्याच्या तोंडी जुन्या निवडणुकीचा दाखला. (त्या वेळी राल्फने स्वतःही जॅकचं मांस खाल्लेलं असतं.)

दुसरी गोष्ट रंग. चेहरा माखला की जॅकची लाज जाते, आणि मागोमाग त्याच्या पोरांची. तिसरी गोष्ट मजा. राल्फच्या राज्यात कामं होती, जॅकच्या राज्यात नाच.

चौथी भीती. राल्फ आणि पिगी सांगत राहिले की श्वापद नाहीच. जॅकने सांगितलं की असलं तर आपण त्याला मारू, आणि नंतर हेही की शिकारीतला थोडा वाटा त्याच्यासाठी ठेवू. घाबरलेल्या मुलाला आधार देतो तो दुसरा. डुकरिणीचं मुंडकं काठीवर खोचून ठेवलं जातं ते याच नैवेद्यापोटी, आणि त्यावर बसणाऱ्या माश्यांवरून कादंबरीला नाव मिळालं.

म्होरक्या झाल्यावर जॅक कसं राज्य करतो?

दहावं प्रकरण छोटं आहे, पण हुकूमशाहीवरच्या जाड ग्रंथांना भारी पडेल. जॅकची टोळी कॅसल रॉक नावाच्या खडकाळ टोकावर तळ ठोकते (गोव्याला जाताना लागतं ते स्टेशन नव्हे). तिथे विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून ठेवलेलं आहे. त्याला मारणार आहेत. कशासाठी? टोळीतल्या रॉबर्टला माहीत नाही. म्होरक्या चिडला, बांधा म्हणाला, आम्ही बांधलं. कारण शेवटपर्यंत कळत नाही. वाचकालाही नाही, विल्फ्रेडला तरी कळलं असेल का कोण जाणे. कारण नसणं हाच त्या शिक्षेचा उपयोग: काय केलं की मार बसतो हे ठाऊक नसेल, तर माणूस सगळ्यालाच भिऊन राहतो.

त्याच सभेत एक मुलगा चाचरत विचारतो, श्वापद आपण मारलं ना? आदल्या रात्री त्यांनी मारला होता तो सायमन, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. जॅक म्हणतो छे, ते वेषांतर करून आलं होतं, पुन्हा येईल. एका वाक्यात खूनही नाहीसा झाला आणि पहाऱ्याची गरजही टिकली. श्वापद मेलं असतं तर जॅकची नोकरी गेली असती.

जॅक आणि रॉजर, जास्त धोकादायक कोण?

रॉजर. जॅकला सत्ता हवी आहे. रॉजरला सत्तेच्या आडोशाने जे करता येतं ते हवं आहे. चौथ्या प्रकरणात तो लहानग्या हेन्रीला दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून, कारण आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचं अदृश्य कुंपण अजून त्या पोराभोवती आहे. अकराव्यात तोच रॉजर तरफेवर भार टाकून प्रचंड शिळा सोडतो आणि पिगी मरतो. जॅकने तसा हुकूम दिलेला नव्हता, तो त्या वेळी राल्फशी झुंजत होता. नंतर मात्र हे आपणच ठरवून केलं, असा आव जॅक आणतो.

त्याच प्रकरणाच्या शेवटी, सॅम आणि एरिक या जुळ्यांना जॅक भाल्याने टोचत असतो, तेव्हा रॉजर त्याच्या खांद्याला जेमतेम न घासता पुढे सरकतो. अधिकारी आणखी महिनाभर आला नसता, तर त्या खडकावर म्होरक्या कोण असता?

सायमनला नेता म्हणता येईल का?

नाही. त्याला सभेत बोलताच येत नाही. श्वापद म्हणजे कदाचित आपणच असू, हे तो पाचव्या प्रकरणात सांगू पाहतो आणि हुर्यो होते. डोंगरावरचं ‘श्वापद’ म्हणजे हवाई लढाईत मेलेला, पॅराशूटला अडकलेला माणूस आहे, हे जाऊन बघणारा तो एकटाच. ही बातमी द्यायला तो खाली येतो आणि नाचणाऱ्या घोळक्याच्या हाती सापडतो.

सायमनच्या खुनात राल्फ आणि पिगी होते का?

होते. अनेकांच्या स्मरणातून हे निसटतं, कारण आपल्याला ते दोघं स्वच्छ हवे असतात. वादळ येतं, तुमच्या झोपड्या कुठे आहेत, असं राल्फ जॅकला टोमण्याने विचारतो, मुलं भेदरतात, जॅक नाच सुरू करायला सांगतो, आणि राल्फ-पिगीही त्या वर्तुळात ओढले जातात. दुसऱ्या दिवशी राल्फ ‘खून’ हा शब्द उच्चारतो. पिगी कारणं शोधतो: अंधार होता, वीज कडकडत होती, आपण कडेला होतो. जुळे सांगतात की आम्ही लवकर निघून गेलो. विवेकी बाजूनेही त्या दिवशी आपापला जबाब तयार केला. माझ्या मते नैतिक बळाच्या दृष्टीने राल्फचा पक्ष तिथेच संपला.

जॅकच्या टोळीने चष्मा चोरला, शंख का नाही?

कारण त्यांना शंखाची किंमत उरली नव्हती. रात्री झोपडीत हाणामारी होते तेव्हा पिगीला वाटतं की चोर शंखासाठीच आले. शंख जागच्या जागी असतो. जाळ पेटवायचं साधन, म्हणजे पिगीचा चष्मा, गेलेलं असतं.

जाता जाता: हा प्रसंग विज्ञानाच्या परीक्षेत नापास होतो. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्गोल. त्यांनी ऊन एकवटत नाही, फाकतं. त्या चष्म्याने काडीही पेटली नसती.

अधिकारी ‘इथे प्रमुख कोण?’ विचारतो, तेव्हा जॅक गप्प का राहतो?

राल्फ मोठ्याने सांगतो, मी. फाटकी काळी टोपी घातलेला, कमरेला फुटका चष्मा अडकवलेला लाल केसांचा एक छोटा मुलगा पुढे यायला लागतो आणि विचार बदलतो. गोल्डिंग इथे जॅकचं नावही घेत नाही. त्याची सत्ता रंग, अंधार आणि भीती यांच्यावर उभी होती, आणि गणवेशातला मोठा माणूस दिसताच त्यातलं काही उरलं नाही. शिवाय ‘प्रमुख मी’ म्हणणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारले जाणार, हे त्याला कळलं असावं.

तो अधिकारीही काही शांतिदूत नाही. त्याच्या मागे युद्धनौका उभी आहे.

गोल्डिंगला हे सुचलं कुठून?

तो सॅलिसबरीच्या बिशप वर्ड्सवर्थ शाळेत मास्तर होता, म्हणजे या वयाची मुलं रोज समोर. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता आणि १९४४ च्या नॉर्मंडी चढाईत त्याने रॉकेट डागणाऱ्या नौकेवर काम केलं. दुष्टपणा ही फक्त शत्रूची मक्तेदारी नाही, हे मत तो युद्धातून घेऊन आला. लेखनाच्या बाजूने त्याचा रोख आर. एम. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवर होता. तीही बेटावर अडकलेल्या इंग्रज मुलांचीच गोष्ट, पण तिथली मुलं शूर, आनंदी आणि धर्मशील, वाईट सगळं बाहेरून येतं. तिथल्या राल्फ आणि जॅकची नावं गोल्डिंगने तशीच उचलली, आणि शेवटी अधिकाऱ्याच्या तोंडी त्या पुस्तकाचा उल्लेखही घातला.

हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं. फेबरमध्येही ते नाकारलं जाणार होतं, पण चार्ल्स माँटीथ या नव्या संपादकाने ते उचललं, सुरुवातीचा युद्धाचा भाग कापायला लावला. गोल्डिंगला १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

खरी मुलं अशी वागतात का?

एक खरा प्रसंग आहे. १९६५ मध्ये टोंगाच्या नुकुआलोफातल्या बोर्डिंग शाळेतली सहा मुलं होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अता नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. सुमारे १५ महिन्यांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली: धडधाकट, जाळ तेवत ठेवलेला, बाग लावलेली, कामाच्या पाळ्या ठरलेल्या, एकाचा मोडलेला पाय बाकीच्यांनी बांधून बरा केलेला. रुट्गर ब्रेगमन या डच लेखकाने २०२० मध्ये ही हकीकत जगभर पोचवली आणि गोल्डिंग खोटा ठरला, असा सूर लागला.

मला ही तुलना घाईची वाटते. ती सहा जणं आधीपासूनची मित्र होती, एकाच शाळेची, एकाच समाजाची. त्यांच्यात जॅकचा गायनवृंद नव्हता आणि सांभाळायला चिल्लीपिल्ली नव्हती. सहा मित्रांना म्होरक्या लागतही नाही.

जवळचा दाखला दुसरा आहे. १९५४ च्याच उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, चढाओढी लावल्या, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं आणि खोल्यांवर हल्ले सुरू झाले. पुढे सगळ्यांचं पाणी बंद पडल्यावर दोन्ही गटांना एकत्र काम करावं लागलं आणि वैर ओसरलं. मात्र आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग फसला होता, कारण आधी एकत्र राहून ओळख झालेली मुलं एकमेकांवर उठेनात. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते मांडणी कशी आहे यावर. गोल्डिंगच्या बेटावर ती पहिल्या दिवशी बिघडली.

यात मुली का नाहीत?

गोल्डिंगचं उत्तर साधं होतं: मी मुलगा होतो, भाऊ होतो, बाप झालो, बहीण किंवा आई कधी नव्हतो.

चित्रपट कोणता बघावा?

पीटर ब्रुकचा १९६३ चा कृष्णधवल. हौशी मुलं घेऊन केलेला आहे आणि त्यांचा अवघडलेपणा कथेला शोभतो. हॅरी हुकच्या १९९० च्या चित्रपटात मुलं अमेरिकी लष्करी शाळेची आहेत. म्हणजे कोणाचा हुद्दा मोठा, हे ती घरूनच ठरवून आलेली, आणि निवडणुकीतली सगळी गंमत गेली.

परीक्षेसाठी नेतृत्वावर उत्तर लिहायचं असेल, तर काय वाचू?

पहिलं, पाचवं, आठवं आणि दहावं प्रकरण, याच क्रमाने. राल्फ म्हणजे लोकशाही आणि जॅक म्हणजे हुकूमशाही, हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं. ते पहिल्या ओळीत लिहून मोकळे व्हा आणि उरलेली जागा मोरिस, बिल आणि रॉजरला द्या. ते कधी, कुठून, कोणाच्या नजरेआड सरकले, याचे दाखले प्रकरणांसकट द्या.